‘नातिचरामि’: गौरीनं तोंडानं मागितलं

गौरीचा नवरा वारला आहे. ती बंगळुरूत राहते, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते, स्वतःच्या पगारावर जगते. नवऱ्यावरचं तिचं प्रेम तसूभर कमी झालेलं नाही, त्यामुळं दुसऱ्या लग्नाला तिचं मन तयार होत नाही. पण तिचं शरीर जिवंत आहे आणि त्याला पुरुष हवा आहे. ‘नातिचरामि’ या कन्नड सिनेमाची गोष्ट एवढीच. या गोष्टीत कुणी खलनायक नाही की मारामारी नाही, एक बाई दोन खऱ्या गोष्टींच्या मधे उभी आहे.

सिनेमा २०१८ चा आहे, दिग्दर्शक मंसोरे. गौरीचं काम श्रुती हरिहरन यांनी केलंय आणि सुरेश नावाच्या माणसाचं संचारी विजय यांनी. मी राळेगाव तालुक्यातल्या एका गावात शिवणकाम करते. मालक काविळीनं गेले तेव्हा माझी पोरगी शाळेत होती, आता ती यवतमाळला बी. ए. करते. दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली तेव्हा तिच्याच फोनवर आम्ही दोघींनी हा सिनेमा पाहिला. मला कन्नड येत नाही आणि खाली येणारं इंग्रजीही वाचता येत नाही. पोरगी वाचायची आणि मराठीत सांगायची.

गौरी तिच्या मनातलं उघड बोलायला लागली तसा पोरीचा आवाज बारीक झाला. मग ती थांबलीच. म्हणाली, “आई, पुढचं सोडून देऊ का?” मी म्हटलं, “नाही, वाच. जसं हाय तसं वाच.” तिनं वाचलं. गौरी काय म्हणते, तिला रात्री काय होतं, नवऱ्याची आठवण आणि अंगाची तहान या दोन वेगळ्या गोष्टी कशा आहेत, सगळं. वाचून झाल्यावर तिनं फोन गादीवर पालथा ठेवला आणि मला विचारलं, “आई, तुले बी असं वाटते का वं?”

मी म्हटलं, “वाटते.”

त्यापुढं आम्ही काही बोललो नाही, सिनेमा पुढं चालू केला. पण एका सिनेमानं माझ्या घरात हा प्रश्न विचारायला लावला आणि त्याचं खरं उत्तर द्यायला लावलं. माझ्या लेखी त्याची किंमत मोठी आहे. म्हणून मी हे लिहिते आहे, आणि माझ्यासारख्या बायकांनी वाचावं असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडं प्रेमाच्या सिनेमात मागणारा पुरुष असतो. तो मागं लागतो, बाई लाजते, नाही म्हणते, मग हळूच हो म्हणते. इथं बाई मागते. सुरेश बांधकामाच्या कामात असलेला, लग्न झालेला माणूस. गौरी त्याला स्वतःहून विचारते. तिला त्याच्याशी संसार करायचा नाही, त्याच्या बायकोची जागा घ्यायची नाही. तिला काय हवंय ते ती सरळ सांगते. बाईनं असं विचारलं की पुरुषाचं काय होतं, हे संचारी विजय यांनी फार खरं दाखवलंय. ज्याला मागायचीच सवय आहे त्याच्याकडं कुणी मागितलं की तो चमकतो, मनातल्या मनात तिला तोलतो. हा माणूस वाईट नाही, जसा वाढला तसाच आहे, आणि दिग्दर्शकानंही त्याला तसाच ठेवलाय.

गौरीला सिनेमा कुठंही ‘बिचारी’ करत नाही, हे मला सर्वांत जास्त भावलं. विधवा दाखवायची म्हटली की पांढरी साडी, देवासमोर डोळे टिपणं, कोपऱ्यात बसणं. गौरी कामाला जाते, निर्णय घेते, चिडते, स्वतःशीच भांडते. श्रुती हरिहरन यांच्या चेहऱ्यावर दुःख आणि इच्छा एकदमच दिसतात, आणि आमचं खरंच तसं असतं. सकाळी फोटोला हार घालताना जीव तुटतो आणि त्याच रात्री झोप येत नाही ती वेगळ्या कारणानं. लोकांना वाटतं यातलं एकच खरं असणार. दुसरं कळलं तर म्हणतात, हिचं नवऱ्यावर प्रेमच नव्हतं.

सिनेमाचं नाव लग्नातल्या वचनाचं आहे, आपल्या लग्नांतही ते असतं. कन्यादानाच्या वेळी मुलीच्या बापाकडून भटजी वदवून घेतात की धर्म, अर्थ आणि काम या तिन्हींत हिला डावलून वागायचं नाही, आणि नवरदेव म्हणतो, ‘नातिचरामि’. वचन देतो तो पुरुष. तो गेल्यावर ते पाळायचं मात्र बाईनं, तेही मरेपर्यंत. आणि त्या तिघांतला ‘काम’ म्हणजे काय हे मांडवात बसलेल्या सगळ्यांना माहीत असतं. नवरा असेपर्यंत तो पुण्याचा, नवरा गेला की पापाचा. गौरीची सगळी ओढाताण या एका ठिकाणी आहे आणि सिनेमा तिथून हलत नाही.

आता माझ्या मशीनवरून मला काय दिसतं ते सांगते. माझ्याकडं ब्लाऊज शिवायला येणाऱ्या बाईचा नवरा वारला की पुढच्या खेपेला तिचं माप बदलतं. अंग तेच असतं, माप बदलतं. मागचा गळा वर घ्यायला सांगते. “लटकन नको लावू वं आता.” बाही कोपरापर्यंत. रंग राखाडी नाही तर बदामी. फुग्याच्या बाह्या, पायपिंग, आरसे, जे तिनं मागच्याच दसऱ्याला हौसेनं लावून घेतलं होतं, ते सगळं एका दिवसात बंद. कुणी पंचवीस-सव्वीस वर्षांची असते. मी टेप तिच्या पाठीवर धरते तेव्हा ती आक्रसून घेते, जणू बाईच्या हातानंही आता शिवू नये. यातल्या एकीनंही मला कधी म्हटलं नाही की माझ्या अंगाला काही हवंय. मीही कुणाला म्हटलं नाही. पोरीला म्हटलं ते पहिल्यांदा.

बाकी सगळं लोक विचारतात. पोरं किती, शेत किती, सातबाऱ्यावर नाव चढलं का, निराधारचा अर्ज भरला का. आमच्या जिल्ह्यात कर्जापायी गेलेल्या शेतकऱ्यांच्या बायका गावोगाव आहेत. प्रकरण पात्र ठरलं तर सरकारी मदत एक लाख रुपये, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार बँकेत ठेव, हा हिशोब इथल्या पोराटोरांना पाठ आहे. कुणी शिलाई मशीन देतं, कुणी शेळी देतं. ते द्यावंच, मला मशीन मिळाली नसती तर मी कुठं असते! पण तीस वर्षांच्या बाईला पुढची चाळीस वर्षं कुणी जवळ घेणार नाही, याबद्दल एक माणूस बोलत नाही. सिनेमा फक्त त्याबद्दल बोलतो, म्हणून तो आमचा सिनेमा आहे. गौरी शहरातली असली तरी.

माझ्या बापाची आई पाटाची होती. पहिला नवरा पटकीत गेल्यावर तिचा माझ्या आजोबांशी पाट लागला. आमच्या कुणबी समाजात तेव्हा ते चालायचं. वाजंत्री नसायची, मांडव नसायचा, रात्रीच्या अंधारात चार माणसांसमोर नवी साडी नेसवून लावून द्यायचे. लग्नासारखा मान त्याला नव्हता, हे खरं, आणि पाटाची बाई म्हणून तिला टोमणेही ऐकावे लागले. पण ती घरात आली, तिला लेकरं झाली, माझा बाप त्यातलाच. मग आम्ही शिकलो, मोठ्या जातींसारखं वागायला लागलो, आणि पाट म्हणजे कमीपणा झाला. आजीला जे मिळालं ते मला मागायची सोय राहिली नाही. माझ्या सासऱ्यांनी मालकांच्या तेरवीनंतर पाच माणसांत अभिमानानं सांगितलं, आमच्या घरातली सून दुसरा विचार करणार नाही. मला कुणी विचारलं नव्हतं. त्याच गल्लीत एका गृहस्थांची बायको गेली तर वर्षश्राद्धाच्या आत दुसरी आली. पोरांना आई पाहिजे म्हणे.

आमच्या वऱ्हाडातच, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला पोटचं मूल मारल्याबद्दल शिक्षा झाली, त्यावरून पेटून लिहिलं. पुरुषाला दुसरं लग्न करता येतं तर बाईनं काय घोडं मारलं, हाच त्यांचा जाब होता. विधवेच्या पुनर्विवाहाचा कायदा तर त्याहून जुना, १८५६ चा. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ग्रामसभेत ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढून घ्यायचं नाही. सरकारनं मग सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. आमच्याकडं तो विषय कुणी काढला नाही. गेल्या वर्षी शेतात सीतादहीची, म्हणजे कापूस वेचायला लागण्याआधीची पूजा होती. पऱ्हाटी मी लावली, निंदण मी केलं, फवारणीचे पैसे माझ्या शिलाईतून गेले, आणि पहिलं बोंड जावेनं वेचलं. मी धुऱ्यावर उभी होते. जाऊ चांगली आहे, तिलाही वाईट वाटलं असेल. पण तिनं वेचलं.

हे सगळं मनात असताना मी गौरीला पाहिलं, त्यामुळं तिच्यातलं काही मला पटलं आणि काही खुपलं.

खुपलं ते आधी सांगते. गौरीला दार आहे. ते ती आतून लावू शकते. तिचा फोन तिचा, पगार तिचा, ती किती वाजता घरी आली हे ओसरीवर बसलेला सासरा मोजत नाही. आमच्या गावात विधवा बाईनं दुकानात साखर घेताना जास्तीचं हसलं तरी संध्याकाळपर्यंत ते वेशीपर्यंत जातं. गौरी कुणाला विचारू तरी शकली. आमच्यापैकी एखादीनं विचारलं तर दुसऱ्या दिवशी तिच्या दारासमोर कोण कोण घुटमळेल आणि कुठल्या कुठल्या बाया तिच्याशी बोलणं बंद करतील, ते मी नावानिशी सांगू शकते. दिग्दर्शकानं गोष्ट शहरातली घेतली, त्याचा त्याला हक्क आहे. पण दार नसलेल्या बाईची गोष्ट अजून कुणीतरी करायची राहिली आहे.

दुसरं खुपलं ते सुमाचं. सुमा म्हणजे सुरेशची बायको, काम शरण्या यांनी केलंय. तिचा संसार बाहेरून धड आहे, आत सुरेशचं तिच्यात मन नाही. सिनेमानं तिला वाईट दाखवलेलं नाही, कजाग केलेलं नाही, यासाठी मी हात जोडते. नवऱ्याच्या बाहेरच्या नादाला घरच्या बायकोचाच स्वभाव कारण, असं दाखवायची आपल्याकडं जुनी खोड आहे. इथं तसं होत नाही. नवरा जिवंत असून जिला कुणी जवळ घेत नाही अशी ती बाई आहे, आणि गौरीपेक्षा ती मला जास्त ओळखीची वाटली, कारण माझ्याकडं कपडे शिवायला येणाऱ्या निम्म्याअधिक बाया सुमाच आहेत. म्हणूनच मला तिचा वेळ जास्त हवा होता. गौरीच्या मागण्याचा भार सुमावर पडतो. मी विधवा असले तरी दुसऱ्या बाईच्या नवऱ्याकडं वळलेलं मला सहज पचत नाही, आणि पोरगी नि मी यावर दुसऱ्या दिवशी चुलीपुढं चांगल्याच भांडलो. पोरगी म्हणे, “जबाब त्यानं द्यायचा, तिनं कायले द्यायचा?” तिचं म्हणणं मला अर्धं पटलं. अर्धं अजून पटलेलं नाही.

दोघींना एकमेकींच्या विरुद्ध उभं करून टाळ्या घ्यायचा मोह मात्र सिनेमानं टाळलाय. शेवट सांगत नाही, तो ज्यानं त्यानं पाहावा. गौरीला शिक्षा होते की काय या धाकानं मी शेवटपर्यंत पदर तोंडात धरून बसले होते, एवढं सांगते. आपल्याकडं अशा बाईला शेवटी मारून टाकतात नाही तर पश्चात्तापानं रडवतात.

गाणी. बिंदुमालिनी यांचा आवाज पहिल्यांदा ऐकला आणि भाषा कळत नसताना माझ्या पोटात कालवलं. ‘मायावी मनवे’ या गाण्यात ओरडणं नाही, ताना नाहीत, दळण दळताना आपलं आपल्याशी गुणगुणावं तसं ते चालतं. याच गाण्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ६६ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत या सिनेमाला एकूण पाच मान मिळाले: सर्वोत्कृष्ट कन्नड चित्रपट, गायिका, गीत, संकलन आणि श्रुती हरिहरन यांचा विशेष उल्लेख. मला वाटतं श्रुतीला उल्लेखापेक्षा जास्त द्यायला पाहिजे होतं. अशी भूमिका करायला नट्या बिचकत असतील, लोक भूमिका आणि बाई यांत फरक करत नाहीत.

संचारी विजय यांच्याबद्दल पोरीनं मला नंतर सांगितलं. त्यांनी आधी एका सिनेमात पुरुषाच्या देहात जन्मलेल्या पण स्त्री असलेल्या व्यक्तीचं काम केलं होतं आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. २०२१ च्या जूनमध्ये मोटारसायकलच्या अपघातात ते गेले. घरच्यांनी त्यांचे अवयव दान केले. हे ऐकल्यावर मी सुरेशचे प्रसंग पुन्हा लावून पाहिले. ज्या माणसाला बाईचं अंतरंग इतकं कळलं होतं, तोच इथं बाईला न कळणारा नवरा झालाय, आणि कुठंही तसूभर खोटा वाटत नाही.

सिनेमा संथ आहे. उत्तरार्धात बोलणं जास्त होतं, काही ठिकाणी जे चेहऱ्यावरून कळलं होतं ते पुन्हा तोंडानं सांगितलं जातं. ज्यांना खाली वाचून पाहायची सवय नाही त्यांना दमायला होईल, कारण नजर हलवली की वाक्य गेलं. अश्लील म्हणावं असं मला त्यात काही दिसलं नाही. आमच्या गावच्या लग्नाच्या वरातीत डीजेवर जी गाणी लावतात आणि त्यावर ज्या हावभावांनी पोट्टे नाचतात, ते पाहून कुणी उठून जात नाही. हा सिनेमा पाहताना मात्र लोक उठून जातील, याची मला खात्री आहे, कारण इथं बाई स्वतःसाठी बोलते.

पाहायचा असेल तर आधी बायाबायांनी पाहावा. घरातल्या पुरुषांसोबत पहिल्यांदाच बसलात तर कुणीतरी मधेच चहा मागेल आणि नेमकं बोलणं निसटेल. शिकलेल्या पोरीला सोबत घ्या, तिला वाचू द्या, आणि ती लाजून काही गाळत असेल तर गाळू देऊ नका. आमच्या बचत गटात मी हा दाखवणार आहे. अध्यक्ष बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, “काय विषय हाय?” मी म्हटलं, “विधवा बाईचा.” त्या म्हणाल्या, “मंग दाखव, चांगला असन.” पुढचा विषय मी त्यांना अजून सांगितलेला नाही, बैठकीच्या आधी सांगणार आहे, कारण नंतर त्यांच्यावर बोल यायला नको. गटात आमच्यासारख्या नवरा नसलेल्या बऱ्याच जणी आहेत, त्यातल्या दोघींना अजून तिशीही लागलेली नाही.

आणि ज्यांच्या हातात आहे त्यांना एक मागणं आहे. या सिनेमाला मराठी अक्षरं द्या, जमलं तर मराठी आवाज द्या. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाचं इंग्रजीवर भागतं. राळेगावच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बाईचं भागत नाही. प्रत्येकीकडं वाचून दाखवणारी पोरगी नसते, आणि असली तरी प्रत्येक पोरगी आईला तो प्रश्न विचारेलच असं नाही.